पाटीवरचा राब

चित्रकोड्यांचं खूळ माझं माहेरचं. वाशिंदला पोरी जमवून आम्ही गावांची नावं चित्रांत काढायचो. पाटावर बसलेला माणूस, शेजारी चार घरं, की झालं आसनगाव! आणि सोडवताना भांडणं? विचारू नका.

लग्न होऊन मुरबाडकडच्या या घरात आले, तर सासरे माझ्याहून खुळे निघाले. जेवणं झाली की पाटी पुढे सरकवायचे. "सोडव गो," म्हणायचे, आणि मी हरले की मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. कुणी बघायला आलं की मोठे दीर त्यांच्यासमोरच सांगायचे, "बाबांना आता काय कळत नाय." माझी तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, माणूस समोर बसलाय!

चैत्रातल्या एका दुपारी मी मुद्दाम सगळ्यांदेखत पाटी घेतली. घाटाकडचं वैशाखरे गाव काढलं. वैशाख दाखवायला वर सूर्य आणि खाली पेटलेला राब, एका अंगाला झुकलेल्या धुरासकट. भाताची रोपं जिथे करायची ती जमीन आमच्याकडे पावसाआधी शेण-पाला पसरून भाजतात, तो राब. शेवटी "रे"साठी हाक मारणारा माणूस. उत्तर आलं की त्या गावाच्या दिशेला हात करायचा, असं त्यांना सांगितलं.

सासरे पाटीकडे बघत राहिले. हात काही केला नाही, नुसती मान हलवली. नाही, नाही.

"बघितलंस? उगाच छळतेस त्यांना," दीर म्हणाले. माझं अवसानच गळालं. खरंच संपलं की काय सगळं?

तेवढ्यात सासऱ्यांनी डाव्या हाताने माझा खडू ओढला. मी काढलेल्या ज्वाळा अंगठ्याने पुसल्या आणि राबाच्या दुसऱ्या टोकाला वाकड्यातिकड्या काढल्या. मग माझ्या लक्षात आलं. धुरावरून वारा कुठला ते दिसत होतं, आणि मी आग लावली होती नेमकी वारा येतो त्याच बाजूने! तशी लावली तर पाला भुर्रकन जळून जातो, जमीन भाजतच नाही. ती चूक निस्तरल्यावर कुठे त्यांनी घाटाच्या दिशेला हात केला.

मला हसू आलं आणि रडूही.

दीर पुढे झाले, बापाच्या खाटेपाशी उकिडवे बसले.

"बाबा, आपला राब कंदी पेटवायचा यंदा?"

लकवा मारल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.