विद्यापीठ एक, कॉलेजं दोन: तेल्हारा ते अमरावती

हल्ली तेल्हाऱ्याहून अमरावतीला जायचं तर माणसं फोनमध्ये रस्ता बघतात आणि दुपारच्या जेवणाला तिथं असतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हांला त्यात दोन दिवस गेले होते. त्या प्रवासाबद्दल लिही म्हणून नात कधीची मागं लागली आहे. लिहिते बाप्पा, पण गोडगोड काही वाचायला मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी मॅट्रिक झाले होते आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्या मोहल्ल्यात मॅट्रिक झालेली मी पहिलीच मुलगी. धम्मदीक्षा घेतल्यापासून बाबांनी एकच धरलं होतं, पोरीनं शिकायचं. हेडमास्तर म्हणाले, डॉक्टरकीला जीवशास्त्र लागतं, ते अमरावतीच्या जुन्या कॉलेजात घ्या. अकोल्याचं कॉलेज नवं, तिथं ती प्रयोगशाळा अजून व्हायची आहे. दोन्हींचं विद्यापीठ एकच, नागपुरातलं. तरी अमरावतीला शिकलो म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात आणि अकोल्याला म्हटलं की नुसतं ‘बरं’ म्हणतात, असंही ते म्हणाले. माझा थोरला भाऊ, दादा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. तो रजा टाकून माझ्याबरोबर निघाला.

अकोटमार्गे एसटी. काळ्या मातीचा चिखल असा की दोनदा सगळ्यांना उतरून गाडी ढकलावी लागली. अकोटला चहा आणि मिरचीची भजी खाल्ली. भजी झकास, चहा म्हणजे गोड गरम पाणी. पूर्णेला पूर नव्हता म्हणून बरं, नाहीतर पुलाच्या अलीकडेच मुक्काम पडायचा. अकोल्यात शिरलो तर सरकीचा वास आणि बैलगाड्यांची ही गर्दी.

वाटेत आहेच तर इथलं कॉलेजही पाहून जाऊ, म्हणून दादा मला तिकडं घेऊन गेला. कॉलेजच्या भिंतींना नवा चुना होता आणि मागं बांधकाम चाललं होतं. कारकून भला माणूस. माझे मार्क पाहून म्हणाला, जागा आहे, आत्ताच प्रवेश घ्या. प्रयोगशाळेचं विचारलं तर म्हणाला, पुढच्या वर्षी होईल.

दादानं मला बाजूला घेतलं. “आधी हातचं पक्कं करू. मंग अमरावती पाहू.”

“पण मले जीवशास्त्र पाह्यजे ना, दादा.”

“भेटंल. विद्यापीठ तर एकच हाये.”

आणि त्यानं माझा शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथं जमा केला. कारकुनानं ‘नक्की ना?’ असं एकदा विचारलंही होतं. दादाचा हिशोब असा, की मास्तरची बदली झाली तर त्याचे कागद खातं आपणच एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पाठवतं; तसंच विद्यापीठही पाठवील. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं, मग हे चूक आहे असं सांगणार कोण?

रात्री अकोल्यातच मावशीकडं ठेचा-भाकर खाऊन झोपलो आणि सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला निघालो. समोरच्या बाकावर दोन पोरं होती. एकानं दुसऱ्याला कॉलेज विचारलं. तो म्हणाला, अकोला. “अच्छा, नवीनवालं,” पहिला म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. दादानंही ते ऐकलं. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती, पुढं टांगा. टांगेवाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं तर त्यानं आम्हां दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग घोडा हाकला.

कॉलेज दगडी होतं. आवारात कडुनिंब, शेजारी मुलींचं वसतिगृह. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. आत बरण्यांत बेडूक, कोपऱ्यात माणसाचा सांगाडा, लांब टेबलांवर सूक्ष्मदर्शक. मी उंबऱ्यातच उभी राहिले. मला इथंच राहायचं होतं, यापलीकडं डोक्यात काही नव्हतं.

कारकुनानं मार्क बघितले आणि मान डोलावली. जागा होती. फक्त तो शेवटचा दिवस होता. त्यानं मूळ दाखला मागितला.

“तो अकोल्याले जमा हाये, साहेब,” दादा म्हणाला. “तुमी तिथून मागवून घ्या. विद्यापीठ एकच हाये ना.”

कारकून हसला नाही. हसला असता तर निदान चिडता आलं असतं. “मास्तर,” तो म्हणाला, “विद्यापीठ एक आहे. कॉलेजं एक नाहीत.”

दादानं हात जोडले, प्राचार्यांच्या दारापाशी ताटकळला, पुन्हा खिडकीशी आला. दाखला आणायचा तर उद्या उजाडणार होतं, आणि त्या जागेसाठी मागं माणसं उभी होती. सगळ्यांदेखत एका मास्तरचं असं अजीजीनं बोलणं मला बघवत नव्हतं.

बडनेऱ्याला त्यानं मला कचोरी घेऊन दिली. ती मी हातातच धरून बसले. राग आला होता, फार राग. पण ज्यानं रजा टाकून, चिखलात गाडी ढकलून मला इथवर आणलं त्याच्यावर तो काढू कसा? मुर्तिजापूर गेल्यावर तो एवढंच म्हणाला, “मले वाटलं...”

अकोल्यातच मी गणित घेऊन बीएस्सी झाले आणि मग जन्मभर शाळेत शिकवलं. त्या कॉलेजला मी नावं ठेवणार नाही, तिथल्या सरांनी जीव तोडून शिकवलं. जीवशास्त्राची प्रयोगशाळाही झाली, पण तोवर माझी गाडी निघून गेली होती. तुमच्यापैकी कोणी मुलीला घेऊन असं निघणार असेल, तर मूळ कागद शेवटपर्यंत हातचा सोडू नका. दादा तर पुढं कधीच अमरावतीला गेला नाही, लग्नाकार्यालासुद्धा.

त्या खेपेला घरी पोचलो तेव्हा बाबा ओट्यावर वाट बघत होते. दादानं चप्पल काढत सांगून टाकलं, अकोल्याला घातलं, दोन्ही सारखंच आहे. बाबा त्याच्याकडं बघत राहिले. मग मला विचारलं, “तू पाह्यलं ना अमरावतीचं कॉलेज? कसं हाये?”

दादा मान खाली घालून पाय धूत होता.

“लई दूर हाये, बाबा,” मी म्हटलं.

बाबांना ते पटलं. कोणी विचारलं की ते मरेपर्यंत हेच सांगायचे, अमरावती दूर पडत होती म्हणून पोरगी अकोल्याले ठेवली.