वेताची खुर्ची आणि ट्रकचे नट-बोल्ट

माझे सासरे आयुष्यभर खनिजाचा ट्रक चालवत होते. आमच्या पाळी गावच्या खाणीवरून माल भरायचा, नदीवरच्या धक्क्यावर ओतायचा, पुन्हा खाणीवर यायचं. खाणी बंद झाल्यावर ट्रक अंगणात फणसाखाली बरेच दिवस उभा होता. मग तो विकला गेला आणि घरात सासरे उरले, आणि त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी.

रिकामं बसणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी घरातल्या मोडक्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. काम चोख, पण पद्धत सगळी ट्रकची. जेवणाच्या टेबलाचा पाय डुगडुगायचा, त्याला लोखंडी पट्टी ठोकली. कपाटाच्या बिजागऱ्यांना इतकं ग्रीस भरलं की साड्यांना गॅरेजचा वास यायला लागला. सासूबाईंच्या विळीचा पाट हलायचा, त्याच्याखाली टायरचा तुकडा बसवला. विळी जागची हलेनाशी झाली, आणि सासूबाईंनाही ती उचलवेना.

मी मूळची समुद्रकाठच्या मांद्र्याची. वडिलांचं तिथं किराण्याचं दुकान होतं. ते गेल्यावर काही वर्षांनी भावानं घर वाढवून पर्यटकांसाठी खोल्या काढल्या, आणि जुनं सामान मागच्या शेडमध्ये गेलं. एकदा माहेरी गेले असताना त्या शेडमध्ये मला वडिलांची खुर्ची दिसली. रुंद हातांची, मागं कललेली, बसायला वेताची जाळी असलेली. जाळीच्या मधोमध मोठं भोक पडलं होतं आणि एक हात वाळवीनं खाल्ला होता. दुपारी दुकान बंद करून वडील त्या खुर्चीत बसायचे. उजव्या हातावर चहाचा ग्लास आणि डाव्यावर मी. भाजलेल्या काजूबिया फोडून ते एक मला द्यायचे, एक स्वतः खायचे.

"नेऊ काय रे ही?" मी भावाला विचारलं.

"ने बाये. माका तरी काय करूची हा," तो म्हणाला आणि एका ओळखीच्या टेम्पोत त्यानंच ती चढवून दिली.

खुर्ची, म्हणजे पाळीच्या बोलीत कदेल, घरी आली तेव्हा सासऱ्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. वाकून खालून पाहिलं. हातानं हलवून पाहिली. आमचं बोलणं कमीच. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, मी डिचोलीच्या एका दवाखान्यात नोकरीला. सकाळी बाहेर पडायची ती संध्याकाळी यायची. ते मला 'बाय' म्हणायचे, मी त्यांना 'बाबा', आणि 'चहा ठेवू काय?', 'पाणी आलं काय?' यापलीकडे आम्हा दोघांत फारसं काही बोलायला नसायचं.

दोनेक दिवसांनी दवाखान्यातून आले तर पडवीत खुर्ची उभी. वाळवीनं खाल्लेला हात चांगल्या फळीचा नवा केलेला, आणि तो पाठीला जोडायला जाडजूड नट-बोल्ट, वॉशरसकट. वेताची उरलीसुरली जाळी कापून टाकलेली, आणि तिच्या जागी टायरच्या ट्यूबच्या काळ्या रबरी पट्ट्या ताणून विणत सासरे बसलेले. कपाळावर घाम, तोंडावर समाधान.

"आता ट्रक चडलो तरी मोडचें ना," ते मला म्हणाले.

मी दारातच उभी. आतून सासूबाई आल्या, खुर्चीकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय गो, आता एक हॉर्न बसयलो काय पुरो. डिचोलीपर्यंत धांवतलें हें कदेल!"

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सासऱ्यांना ते दिसलं असावं. त्यांचा हात थांबला.

"बाबा, घट्ट झाली बरी," मी म्हटलं. "पण माका ती वेताचीच होयी होती. माझ्या बाबांची तशीच होती."

ते पट्टी तशीच सोडून हात धुवायला गेले. पुढचे काही दिवस खुर्ची अर्धवट विणलेल्या रबरासकट पडवीत पडून राहिली. मला वाईट वाटत होतं. माणूस आपल्याला येतं ते मनापासून करत होता; मी गप्प राहायला हवं होतं की काय, असंही मनात येऊन गेलं. सासूबाई म्हणाल्या, "रावूं दी. तेंका विचार करूंक वेळ लागता."

मग एका सकाळी मी डबा भरत असताना सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"बाय, वेत खंय मेळता?"

पडवीत पाहिलं तर रबर निघालं होतं आणि खुर्ची नुसत्या चौकटीवर उभी होती.

शुक्रवारी मी रजा घेतली आणि आम्ही म्हापशाच्या बाजाराला निघालो. माझी स्कूटर. सासरे कधी कुणाच्या मागं बसून गेले नव्हते, त्यातून सुनेच्या मागं. आधी ते स्कूटरभोवती फिरले, मग अवघडून बसले, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर.

"ह्याक गियर ना?" वळणावर त्यांनी विचारलं.

"ना, बाबा."

"मगे ही गाडी कसली?"

पण त्यांच्या आतला ड्रायव्हर काही स्वस्थ बसेना. समोरून बस आली की त्यांचा उजवा पाय दाबला जायचा. मला मागून तो जाणवायचा. "डावी घे." "हळू, हळू." "आता काढ!" म्हापशाला पोचेपर्यंत मी चालवत होते की ते, हेच कळेनासं झालं होतं.

टोपल्या-सुपांच्या ओळीत एका बाईकडे वेताच्या सोललेल्या पट्ट्यांचं भेंडोळं मिळालं. "पाण्यात भिजवून वापरा, सुको मोडता," एवढंच तिनं सांगितलं. बाकी काही आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन मी फोनवर विणण्याचा व्हिडिओ लावला. दाखवणारा माणूस कुठल्या तरी परक्या भाषेत बोलत होता, म्हणून आवाज बंद केला आणि नुसते त्याचे हात पाहिले. सासरे चष्मा लावून फोनवर इतके वाकले की मला काही दिसेना.

विणण्याआधी लाकूड घासायचं होतं. शनिवारी सकाळी सासरे काचपेपर मारायला लागले तशी सांध्यांतून मांद्र्याची बारीक वाळू निघाली. खुर्चीच्या उजव्या हातावर एक पांढुरकं वर्तुळ होतं.

"हें कसलें?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बाबांच्या चहाच्या ग्लासाचं," मी म्हटलं आणि कामावर गेले.

संध्याकाळी आले तर खुर्ची चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशनं चमकत होती. बोल्ट निघाले होते. त्यांच्या जागी लाकडाच्या खुंट्या, बाहेरून दिसूही नयेत अशा. खुर्चीचा उजवा हात पुसून पाहिला. पांढुरकं वर्तुळ होतं तिथंच होतं. त्याच्या कडेनं काचपेपर फिरवून त्यांनी ते तेवढं सोडलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेटीतले पाने पुसण्यात गर्क होते, किंवा तसं दाखवत होते.

विणकाम रविवारी सुरू झालं. चौकटीला चहूबाजूंनी भोकं होती. ओला वेत एका भोकातून वर काढायचा, समोरच्या भोकातून खाली सोडायचा. आम्ही खुर्ची दोन स्टुलांवर ठेवली. मी वरून, ते खालून, लादीवर पाठ टेकून उताणे. ट्रकखाली झोपायची सवय कामाला आली. मी वेत खाली सोडला की खालून आवाज यायचा, "आयलो." ते ओढून ताण द्यायचे आणि पुढच्या भोकातून टोक वर यायचं. "आयलो," मी म्हणायची.

उभे धागे झाले, आडवे झाले, मग पुन्हा उभे. चांगलं हातभर काम झाल्यावर सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एक पट्टी चकचकीत, एक कोरडी, असो कसो हो नमुनो?"

बघतो तर वेताची गुळगुळीत बाजू कुठं वर, कुठं खाली. व्हिडिओतल्या माणसानं ते दाखवलंही असेल, पण आवाज बंद होता. सगळं उसवलं. सासरे उठून बसले, कपाळाला हात लावला आणि एकदम हसायला लागले. घरात त्यांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. सासूबाईसुद्धा चहा ठेवून बघत राहिल्या.

दुसऱ्यांदा विणताना ते बोलू लागले. खुर्चीखालून, तोंड न दिसता. धक्क्यावर ट्रकांची रांग कशी असायची, माल नेणाऱ्या बार्जवरच्या खलाशांशी ओळखी कशा झाल्या, पावसात चढावर ट्रक घसरला तेव्हा देव कसा आठवला. ट्रक विकला त्या दिवशी ते शेतात जाऊन बसले होते. न्यायला आलेल्यांना किल्ली सासूबाईंनी दिली. "आवाज ऐकू आयलो," एवढंच ते म्हणाले, आणि मग, "ओढ गो, ढिलें जालें." मी ओढलं. मीही माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. दुकानातल्या वजनांबद्दल, काजूबियांबद्दल, शेवटच्या आजारात ते बिछान्यावरून पडवीतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहायचे त्याबद्दल. हे मी माझ्या नवऱ्याला तरी इतकं सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. समोरासमोर बसून आम्हाला ते बोलता आलं नसतं.

तिरक्या पट्ट्यांनी आम्हाला रडवलं. त्या एकीखालून, दुसरीवरून न्यायच्या, आणि बोटं सोलली जायची. एका कोपऱ्यात आमचं चुकलंच. तिथली नक्षी जरा डावीकडे झुकली आहे. ती उसवायचा धीर दोघांनाही नव्हता. शेवटी कडेला रुंद पट्टी बसवली आणि खुर्ची वाळायला पडवीत ठेवली.

"बसा, बाबा," वाळल्यावर मी म्हटलं.

"तू बस. तुझ्या बापायची."

आमचं तू-तुम्ही चालू असताना सासूबाई आल्या, सरळ खुर्चीत बसल्या, पाय पसरले आणि थोड्या वेळानं झोपूनही गेल्या. जाळीनं त्यांचं वजन झेललं. सासरे वाकून खालून जाळी कुठं सुटतेय का ते पाहत राहिले.

भाऊबीजेला भाऊ आला. खुर्ची ओळखायलाच त्याला वेळ लागला. तिच्यात बसला, हातावरून हात फिरवला, ते वर्तुळ दिसलं तसं त्यावर बोट टेकवलं. मला वाटलं, आता परत मागतोय. पण तो सासऱ्यांकडे वळला.

"काका, शेडीत आणखी खुर्च्ये असत. आणि बाबांची खाट. तुमी येशात?"

सासरे आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला, तेव्हा मला उत्तर कळलं.

सासूबाईंनाही भावानं आग्रह करून नेलं. पाळी सोडून चार दिवस कुठं राहायला ती दोघं लग्नानंतर पहिल्यांदाच गेली असावीत. लग्नकार्य सोडलं तर त्यांनी कुणाच्या घरी मुक्काम केलेला नव्हता. रविवारी मी त्यांना आणायला मांद्र्याला गेले. माडांच्या सावलीत ओळीनं खुर्च्या उभ्या होत्या, वेत अजून ओलसर. खाटीला नवे पाय लागले होते, नवी नवार ताणून बसली होती. खाट हातानं दाबून पाहिली तर कुठं कुरकुर नाही. पण सासरे-सासूबाई घरात नव्हते.

"दर्याकडे गेलीत," भाऊ म्हणाला. "रोज जातत."

मी किनाऱ्यावर गेले. सासूबाई साडी घोट्याच्या वर धरून पाण्यात उभ्या होत्या, चपला हातात. सासरे कोरड्या वाळूवरून ओरडत होते, "फुडें वचूं नाका! लाट येता!" त्या ऐकत नव्हत्या. लाट आली, त्यांनी हसत एक पाऊल मागं घेतलं आणि दुसरं पुढं टाकलं. थोड्या वेळानं सासऱ्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तेही पाण्यात उतरले.

मला पाहून दोघं बाहेर आली, जरा शरमलेली.

"चला, निघूया?" मी विचारलं.

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे घसा खाकरून म्हणाले, "बाय, आनी दोन दीस लागतले. खाटीचें काम उरलां."

मी भावजयीनं बांधून दिलेले बांगडे घेतले आणि एकटीच पाळीला परत आले.