दुसरी खुर्ची

शारजाच्या ट्रॅफिकला वैतागून मी आठवडाभर खोर फक्कानला जाऊन राहिलो. तिथे समुद्रकाठी रोज संध्याकाळी एक गृहस्थ यायचे. बंदरावर क्रेन चालवायचे, बोलणं रत्नागिरीकडचं. घडीच्या दोन खुर्च्या आणायचे, दोन्ही उघडायचे आणि एकीवर बसायचे. दुसरी कुणासाठी तरी राखलेली असणार, म्हणून मी दोन दिवस आपला वाळूतच बसलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "यल्ला, बसा!" अरबीत घाई करायला वापरतात तो शब्द बसवायला वापरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"कुणी येणार होतं ना?"

"आलात की तुम्ही! दिवसभर क्रेनच्या केबिनात एकटाच असतो हो मी."

मग त्यांनी चहाचा थर्मास पुढे सरकवला.

निघायच्या दिवशी त्यांनी ती खुर्ची माझ्या डिकीत टाकली. "मी दुसरी आणतो," म्हणाले.

आता शारजात बिल्डिंगसमोरच्या बागेत मी ती आणि एक नवी घेतलेली, अशा दोन खुर्च्या उघडतो. चार वर्षं लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारे एक शेजारी काल थबकले. "कोई आनेवाला है?"

मी म्हटलं, "यल्ला, बैठिए."