नंबर न वाचलेली होडी

काशीदला राहायला आल्यापासून मी एका ओपन सोर्स डेटाबेसची तपासनीस आहे. बिनपगारी. जगभरची माणसं त्यात बदल सुचवतात, माझ्यासारखी निवृत्त मंडळी त्यात खोड काढतात.

मध्यंतरी एका बदलावरून चांगलीच जुंपली. 'या यादीत जे नाही ते दाखव' या प्रश्नासाठी डेटाबेस दर ओळीमागे अख्खी यादी धुंडाळत बसायचा. एका परदेशी मुलीने खूप खपून जवळची वाट काढली. निम्मे म्हणाले घ्या, निम्मे म्हणाले एक दिवस चुकीचं उत्तर देईल. शेवटी मत माझ्यावर आलं. मी नाही म्हटलं तर काम बाद. आणि पुन्हा काही पाठवणार नाही, असं तिने लिहूनच टाकलं होतं.

भांडण रिकाम्या जागेचं होतं. समजा, बंदराला एक होडी लागली, पण तिचा नंबर कुणी वाचला नाही. आता समुद्रात कोण राहिलंय? सांगता येत नाही. जिची घरचे वाट बघतायत, ती हीच असेल. म्हणून डेटाबेस अशा वेळी एकाही होडीचं नाव घेत नाही. घाईची वाट मात्र नंबर न जुळलेल्या सगळ्यांना समुद्रात ठेवून मोकळी होते.

तिशीत, नोकरीत असताना मला हे गप्प राहणं बिघाड वाटायचं. कोरं उत्तर आलं की यंत्राला शिव्या, झटकन आलं की पदर खोचून साहेबांच्या केबिनकडे धाव. ते बरोबर आहे का, हे बघायला या बाईसाहेबांना सवड कुठली?

मुलीचं म्हणणं, रिकामी जागा असूच शकत नाही अशी खात्री पटली तरच नवी वाट. मी सापळा लावला. होड्यांच्या तक्त्यात नंबर सक्तीचा केला. मग बंदरात आलेल्यांची यादी त्याला अशी जोडली, की तक्त्यात न सापडलेली होडीही यादीत राहावी. तिच्या नंबराच्या जागी मग पोकळी येते. नुसता तक्ता बघणारा हमखास फसतो.

पडवीत सोडे निवडत बसलेले आमचे हे म्हणाले, "आज कुणाच्या पोरीला रडवतेयस?"

"चुकली असेल तर रडेल."

"नि नसेल तर?"

"निवडा तुम्ही गुपचूप."

प्रश्न सोडला. उत्तर रेंगाळलं, जुन्या वाटेने आलं, आणि कोरं आलं. सापळा काढून तोच प्रश्न विचारला, तर बोट उचलायच्या आत उत्तर हजर. कुठे पळायचं आणि कुठे आपल्याला ठाऊक नाही म्हणून थांबायचं, हे त्या एवढ्याशा कोडमध्ये तिने बसवलं होतं.

तरी खोड जाईना. तिलाच विचारलं, "हे कुठे मोडेल असं तुला वाटतं?" तिने स्वतःच रचलेले आणखी सापळे पाठवले. प्रत्येकाचं उत्तर मी आधी मनाशी ठरवलं. दर वेळी मी फसले, तिचं काम फसलं नाही.

मी लिहिलं, घ्यावं. तपासणारीपेक्षा लिहिणारी जास्त संशयी आहे.

सगळ्यात चिवट विरोधकानेही मान तुकवली. थोड्याच दिवसांत तिचा पुढचा बदल आला. तपासायला तिने मलाच मागितलं होतं.