दिवसाची लाइट आणि गायरान

आमच्या शेतीच्या पंपाला वीज यायची ती बहुतेक रात्रीची. थोरले दीर जालन्याला कारखान्यात कामाला, त्यामुळे त्यांच्या वाट्याच्या रानात रात्री पाणी द्यायला माझ्या थोरल्या जाऊबाईच जायच्या. मी त्यांना अक्का म्हणते. गावाजवळ सौरऊर्जेचा प्रकल्प होणार आणि शेतीला दिवसा वीज मिळणार, सरकारचं तसं धोरणच ठरलंय, असं कळलं तेव्हा अक्कांनी देवापुढे साखर ठेवली.

पुढे मोजणीवाले आले आणि गायरानावर चुन्याच्या रेघा मारून गेले. भोकरदन तालुक्यात धावड्याच्या बाजूला असलेल्या आमच्या गावात निम्म्या घरांची शेळ्या-गुरं त्या गायरानावर चरतात. ज्यांना शेत नाही, त्यांना तर तेवढीच जमीन. अक्का रेघा बघून आल्या आणि प्रकल्प गायरानावरच होणार म्हणून मला सांगितलं.

ग्रामसभेत सरपंच म्हणाले की जमीन सरकारची, कायदा सरकारचा आणि लाइट आपल्याला. मग अडवायचं कशाला? बायका मागे बसल्या होत्या. त्यांच्यातून अक्का उठल्या. त्या आजवर ग्रामसभेत कधी बोलल्या नव्हत्या. गायरानाच्या वर जो मुरमाड माळ आहे, जिथे कुसळसुद्धा नीट उगवत नाही, तोही सरकारचाच ना, असं त्यांनी विचारलं. सरपंच हो म्हणाले.

"मंग तिथं ऊन पडत न्हाई का?"

सभा हसली. प्रकल्पाच्या ठेकेदाराचा माणूस सभेला आला होता, तो मात्र हसला नाही. माळ सपाट करावा लागेल, तारा लांबून ओढाव्या लागतील, असं तो समजावू लागला. अक्का म्हणाल्या, "म्हणजे सोय तुमची आन् गायरान आमचं." आमची हरकत इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय त्या खाली बसल्या नाहीत.

घरी आल्यावर माझे मालक माझ्यावरच चिडले. सरकारशी भांडलात तर दिवसाची लाइट दुसऱ्या गावाला जाईल, वहिनीला समजाव, म्हणाले. भीती मलाही होती. शेजारणीने तर माझ्याशी बोलणंच टाकलं. तरी मी अक्कांबरोबर भोकरदनला गेले. तिथल्या वकीलबाईंनी सांगितलं की गावाची हरकत लेखी असेल तर ती ऐकून घ्यावीच लागते. ती ऐकण्याआधी काम सुरू झालं तर अडवा, पण हात कुणावर उगारू नका.

आणि हरकत ऐकून न घेताच काम सुरू झालं. एका सकाळी जमीन सपाट करायचं यंत्र गायरानात उतरलं. आम्ही बायका शेळ्या-गुरं घेऊन त्याच्यापुढे जाऊन बसलो. दुपारपर्यंत पोलिसांची गाडी आली. पोलीसबाई आमच्यातल्याच कुणाच्या तरी लेकीसारखी होती. चांगल्या कामात आडव्या का पडता, असं तिनं विचारलं. अक्का बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "दिवसाची लाइट तुझ्याहून जास्त मला पायजे, बाई. रात्री रानात मी जाते. पण माझा अंधार घालवायला दुसऱ्याच्या शेळ्या उपाशी मारणार न्हाई."

पोलीसबाईनं गाडीतली पाण्याची बाटली काढून अक्कांना दिली.

संध्याकाळी वीज खात्याचे साहेब आले. अक्कांनी त्यांना वाद घालायला बसूच दिलं नाही, थेट माळावर नेलं. आम्ही सगळ्या मागून चाललो. साहेबांनी जमीन पायाने उकरून पाहिली, उतार पाहिला, आणि इथे जमेल, पण वेळ लागेल, एवढंच बोलले.

वेळ लागला. मंजुरी नव्याने घ्यावी लागली आणि त्या हंगामात गव्हाला पुन्हा रात्रीच पाणी द्यावं लागलं. तुमच्यामुळे, तुमच्यामुळे, असं निम्म्या गावानं आम्हाला ऐकवलं. मीही पाणी देताना थंडीनं कुडकुडत होते. पण आपलं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. लाइट सगळ्यांना मिळेल म्हणणाऱ्यांनी जमीनही सगळ्यांची असते एवढं कबूल करायला काय हरकत होती?

आता माळावर सौरऊर्जेच्या निळ्या पाट्यांच्या रांगा उभ्या आहेत. पहिल्यांदा भर उन्हात मोटर सुरू झाली तेव्हा अक्का पाटाच्या कडेला बसून नुसत्या पाण्याकडे बघत होत्या. मालकांनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

पण माळाच्या कुंपणात ओढ्याकडे जायची जुनी पायवाट अडकली आहे. गुरं पाण्याला न्यायची तर मोठा वळसा पडतो. मागच्या ग्रामसभेत सरपंचांनी विषय संपले का असं विचारलं, तेव्हा अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या उठायच्या आत मीच उठले आणि म्हणाले, "न्हाई संपले."