एकसष्ट टक्क्यांत खुटबाव

रविवारी सकाळी साडेआठला आम्ही शिरूर सोडलं तेव्हा गाडीत एकसष्ट टक्के चार्जिंग होतं. माझ्या जिवात त्याहून बरंच कमी. गाडी माझी नव्हती, कंपनीतल्या वाबळ्यांची होती. वाबळे कारेगावला राहतात आणि इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून डबा खातानाही दुसरा विषय काढत नाहीत. "एक दिवस घेऊन जा, खुटबावला जाऊन या, मग बोला," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. आदल्या रात्री कारेगावची लाईट गेली होती, म्हणून बॅटरी पूर्ण भरली नव्हती. "एकसष्ट म्हणजे डोक्यावरून पाणी," असं ते म्हणाले. ते घरीच बसणार होते, त्यांना म्हणायला काय जातंय!

प्रश्न असा होता. माझी बायको सुरेखा शाळेत विज्ञान शिकवते. तिची बदली दौंड तालुक्यात खुटबावला झाली, जे तिचं माहेर. आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. शिरूरहून खुटबाव पन्नास-बावन्न किलोमीटर. एस.टी.नं जायचं तर वाटेत दोनदा बदलायची, आणि तरी शाळा भरून तासभर झालेला असणार. आमची डिझेल गाडी पंधरा वर्षांची. न्हावऱ्याच्या पुढं गेली की इंजिन तापतं आणि मग मीही. तेव्हा एक तर रोज ये-जा करेल अशी नवी गाडी घ्यायची, नाहीतर सुरेखानं आठवडाभर माहेरी राहायचं आणि शनिवारी शिरूरला यायचं. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे घरात मी, टीव्ही आणि फ्रिज.

बदलीची कुणकुण आठ महिन्यांपूर्वीच लागली होती. तेव्हापासून मी गाडीचा निर्णय घेत होतो. म्हणजे काय, तर व्हिडिओ बघत होतो. इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोल आणि चार्जिंग दोन्हीवर चालणारी प्लग-इन हायब्रिड, यावर मी तावातावानं बोलू शकत होतो. शेवटी एका शोरूममधल्या पोरीनं, "काका, दोन्हीवाली आपल्या बजेटमध्ये नाही येत," असं इतक्या मायेनं सांगितलं की मी चहा न घेताच उठलो. मग उरली नुसती इलेक्ट्रिक. तिच्याबद्दल मेव्हण्यापासून दाढी करणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचं मत होतं, आणि मला ते सगळ्यांचंच पटत होतं.

शिरूरबाहेर पडलो आणि मी पहिल्यांदा आकडा बघितला. साठ.

"समोर बघा," सुरेखा म्हणाली.

गाडी चालते झकास, हे मान्य करायला हवं. आवाज नाही, हिसका नाही. पण त्या शांततेत माझीच धडधड मला ऐकू येत होती. एसी लावला की किलोमीटर कमी दिसत, म्हणून मी एसी बंद केला. काच उघडली तर वाऱ्यानं गाडीला अडथळा होतो, असं एका व्हिडिओत होतं, म्हणून काचही लावली. आंधळगावच्या फाट्यापर्यंत सुरेखानं हे सोसलं. मग तिनं एसी लावला. मी तिचा चेहरा बघितला आणि तो तसाच राहू दिला.

न्हावऱ्याला चहाला थांबलो. उसाचा हंगाम असल्यानं हॉटेलापुढं ट्रॅक्टर उभे होते, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. इलेक्ट्रिक गाडीची हिरवी नंबरप्लेट दिसल्यावर लोक गोळा झाले.

"किती देती?" एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

"फुल्ल चार्जला दोनशेच्या पुढं."

"आन् संपल्यावर?"

"चार्ज करायची."

"ते झालं वो. हितनं पारगावच्या मधी संपल्यावर?"

मी काही बोलायच्या आत बाकड्यावरचे एक आबा म्हणाले, "मग तुझ्या ट्रॉलीला बांधायची आन् उसासंगं कारखान्यावर न्यायची. वजन करून घेत्यात."

सगळं हॉटेल हसलं. सुरेखाही हसली. मी चहा पोळून घेतला.

पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. पुलावरून दोन्ही बाजूंना पाणी आणि पाण्याच्या काठापर्यंत ऊस, वाऱ्यावर तुरे हलत होते. एरवी मी इथं गाडी हळू करतो. या वेळी माझी नजर अठ्ठेचाळीसवर होती. केडगावला पंचेचाळीस व्हायला पाहिजेत असा माझा हिशोब, झाले चाळीस. खुटबावला सासऱ्यांच्या वस्तीवर (गावाबाहेर शेतात बांधलेल्या घरी) पोचलो तेव्हा सदतीस. गेले चोवीस टक्के. परत जायला चोवीसच लागणार, वर तेरा शिल्लक. कितीतरी महिन्यांनी माझा एक हिशोब जुळला होता. आनंदात मी सासऱ्यांच्या पाया पडलो.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ऐंशीच्या आसपास वय, अजून सकाळी बांधावरून चक्कर मारून येतात. मेव्हणा दत्ता फुलं आणि कांदा करतो. शेवंतीची तोड चालू होती, अंगणात क्रेट रचलेले. जेवायला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या), बाजरीची भाकरी, कांदा. मी तिसऱ्यांदा रस्सा घेतला. तेवढ्यात दत्ता म्हणाला, "दाजी, किल्ली द्या की. पोरांना एक चक्कर मारून आणतो."

सासुरवाडीत किल्ली मागितली तर जावयानं काय म्हणायचं असतं? मी किल्ली दिली.

दत्तानं एक चक्कर मारली नाही. आधी पोरं, मग बायका, मग शेजारच्या वस्तीवरचे चुलते, मग शेवंती तोडायला आलेल्या मावश्या, सगळ्यांना पाळीपाळीनं केडगावच्या रस्त्याला नेऊन आणलं. एसी पूर्ण गार, गाडीत दरवेळी सात माणसं. गाडी आवाज करत नाही, त्यामुळं ती किती वेळा गेली आणि आली हे मला ओट्यावर बसून कळलंही नाही. अडीच वाजता तो घाम पुसत आला.

"एक नंबर हाय दाजी! पळती कसली!"

मी आत डोकावलो. एकोणीस टक्के.

मला ओरडायचं होतं, पण ज्या मावश्या गाडीतून उतरत होत्या त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी नुसताच "अरे वा" म्हणालो. नंतर दत्ताला बाजूला घेऊन सांगितलं की शिरूर आता लांब आहे.

"मंग लावू की चार्जिंगला! हाय काय त्यात."

वाबळ्यांनी चार्जरची पिशवी दिली होती. ओट्यावरच्या मोठ्या सॉकेटला तो लावला. लाल दिवा. पिन काढून पुन्हा लावली. लाल. दत्तानं दुसरा सॉकेट दाखवला, तिथंही लाल. वायरमनला फोन केला, तो लग्नाला गेलेला. मी वाबळ्यांना फोन लावला.

"अर्थिंग मिळत नसेल," वाबळे म्हणाले. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं असणार. ते सांगत होते तेव्हा मी, एकसष्ट टक्के म्हणजे खरोखर डोक्यावरून पाणी का, याचा विचार करत होतो.

हायवेला चौफुल्याजवळ एका पंपावर मोठा चार्जर आहे, असं मोबाईलमध्ये दिसत होतं. दत्ता मोटरसायकलवर बघून आला. "हाय, पण त्याच्यावर कापड टाकलंय. पंपावरचा म्हणतो, चालू झाल्यावर या."

मी ओट्यावर बसलो. इतके महिने मी ज्या गोष्टीची भीती बाळगली होती ती तंतोतंत खरी ठरली होती. बरोबर ठरल्याचा एरवी मला आनंद होतो, त्या दिवशी झाला नाही.

"कशाला जीव जाळताय?" मामा म्हणाले. "मुक्काम करा. आन् खरं सांगू का जावईबापू, गाडी घ्यायचीच कशाला? लेकीचं घर हाय हे. राहू द्या तिला हितं. शनवारी यील की शिरूरला."

"वरची खोली काढलीया ताईसाठी," दत्ता म्हणाला. "रंग दिलाय. चला, दाखवतो."

आम्ही वर गेलो. फिकट आकाशी रंग, नवा पलंग, खिडकीतून शेवंतीचा पिवळा पट्टा थेट कालव्यापर्यंत. वह्या तपासायला टेबलसुद्धा आणलं होतं. सुरेखानं भिंतीवरून हात फिरवला, खिडकीशी उभी राहिली. "छान केलंयस रे," ती दत्ताला म्हणाली.

झालं, मी मनात म्हटलं. आता कसली गाडी आणि कसले टक्के! मी पण म्हणालो, "खरंच छान आहे. शाळाही पाच मिनिटांवर." सुरेखानं माझ्याकडं बघितलं. खाली निघून गेली.

मी आणि दत्ता वरच बसलो. तो कांद्याच्या रोपांबद्दल बोलत होता, मी हं हं करत होतो. थोड्या वेळानं खालून बादली आपटल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर सुरेखा पदर खोचून घरामागच्या पेरूखाली उभी. हातात बादली, बाजूला खडेमिठाचा पुडा.

"ताई, काय करती?" दत्तानं वरून हाक मारली.

"तुझा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडलाय!" ती खालून ओरडली. "पाणी घातलं होतंस का कवा?"

"आधी तिथंच मोरीचं पाणी जायचं. मोरी हलवली ना आता."

"मग? जमिनीत ओल नको? चल, उतर खाली. दुसरी बादली आण. पोरांना सातवीत शिकवते मी हे, आन् भाऊ असला!"

दत्ता दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला. मी मागून गेलो. सुरेखानं सहा बादल्या ओतल्या, मीठ टाकलं, परत दोन ओतल्या. साडीचा काठ चिखलात. मामा खुर्ची घेऊन बघायला आले. "आगं, पर घाई कसली?" ते म्हणाले. "मुक्काम करा म्हटलं की."

"आप्पा, मला घरी जायचंय," ती म्हणाली.

मग तिनंच चार्जर लावला. लाल. दोन-तीन क्षण गेले. हिरवा.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी दत्ताला एक कांद्याची गोणी आणि गुळाच्या दोन ढेपा गाडीत टाकायला सांगितल्या. वजनानं रेंज कमी होते, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

पाचपर्यंत बेचाळीस टक्के झाले. परत येताना सुरेखा चालवत होती. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग अडकली होती, समोरून एस.टी., कुणालाच हलता येईना. मी म्हणालो, "बेचाळीसातून केडगावपर्यंत पाच गेले. म्हणजे या हिशोबानं..."

"अहो," ती म्हणाली. "आठ महिने गाडी घ्यायची का नाही, एवढंच विचारताय. मी रोज घरी यावं असं तुम्हाला वाटतं का?"

"म्हणजे काय, वाटतंच की."

"मग एकदा तरी बोललात? वर खोलीत काय म्हणालात? शाळा पाच मिनिटांवर!"

"मला वाटलं, तुला राहायचंय."

"मला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. गाडीच्या बॅटरीबद्दल मी चार गावच्या माणसांना विचारलं होतं. शेजारी बसलेल्या बाईला नाही, कारण ती 'राहते' म्हणाली असती तर पुढं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. हे तिला सांगायला मला पुलावर जरा वेळ लागला. ट्रॉल्या हलल्या नाहीत, त्यामुळं पळता आलं नाही. शेवटी म्हणालो, "ये घरी. रोज ये. संध्याकाळचा स्वयंपाक मी करतो."

"काय करणार?"

"खिचडी."

"रोज?"

"वांग्याचं भरीतही येतं मला."

ती हसली आणि ट्रॉली सरकल्यावर तिनं अशी काही गाडी काढली की मी दाराचं हँडल धरलं.

दिवेलागणीला शिरूर गाठलं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, रजा टाकून शोरूमला गेलो आणि या वेळी तिला विचारून, ती म्हणाली ती इलेक्ट्रिक गाडी बुक केली. त्या पोरीनं अभिनंदन केलं, पेढा दिला, आणि मग सांगितलं, "काका, डिलिव्हरीला सहा आठवडे लागतील. आधी आला असतात तर लगेच होती, गाड्या उभ्या होत्या."

म्हणून हे लिहितोय ते शिरूरच्या रिकाम्या घरात बसून. सुरेखा सध्या खुटबावला त्या आकाशी खोलीत आहे. आठ महिने मी जे एकटं राहणं टाळत बसलो ते पाच-सहा आठवडे का होईना, माझ्या टाळण्यानंच माझ्या वाट्याला आलं. या काळात मला बावन्न किलोमीटरच्या रस्त्यावरचा प्रत्येक थांबा पाठ झालाय, कारण तिनं शनिवारी यायच्याऐवजी मीच बुधवारी आणि शनिवारी दोनदा एस.टी. बदलून भरीत घेऊन तिकडं जातो. डब्यात ते हिंदकळतं, तेल सांडतं, पिशवी खराब होते. मामा म्हणतात, मीठ कमी आहे. दत्ता म्हणतो, दाजी, तुम्ही पण हितंच ऱ्हावा. सुरेखा मुकाट खाते आणि मला एस.टी.त बसवायला फाट्यापर्यंत येते.

अजून तीन आठवडे आहेत. शोरूमच्या त्या पोरीला मी रोज सकाळी दहाला फोन करतो. काल तिनं पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलला आणि म्हणाली, "काका, नाही आली."