मोठेबाबांची तडजोड

आमच्या कोंढा गावात कुणाचं भांडण लागलं की मोठेबाबा आधी चहा ठेवायला सांगत. दोन्ही बाजूंना मंडपाच्या गोदामात आणून बसवत, ज्याची चूक जास्त त्याला दुसऱ्यापुढे कप धरायला लावत, आणि कप रिकामे झाले की म्हणत, "चाय पेली ना? मंग आता मागचं काढाचं नाही." आणि खरंच कुणी काढत नसे. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे बाप म्हणून मला हेच ठाऊक.

लग्नाचे मंडप टाकणं हा त्यांचा धंदा. दुसऱ्याच्या मंडपात पाहुणे म्हणून गेले तरी दोऱ्यांच्या गाठी ओढून बघत. मोठी आई वैतागायची, "जेवाले आलो आपण, का तपासाले?" ते नुसते हसत आणि पुढची गाठ ओढत.

लॉकडाउनमध्ये लग्नं घरातल्या घरात उरकली आणि टेम्पोसाठी काढलेलं कर्ज थकलं. पुढे बँकेनं तडजोड सुचवली, थोडे भरा, बाकीचे सोडून देतो. मोठेबाबांनी पैसे भरले, सह्या केल्या, साहेबांबरोबर चहा घेतला आणि घरी येऊन विषय संपल्याचं सांगितलं. चहा झाला होता ना.

मग मला नर्सिंगला प्रवेश मिळाला. माझ्या शिक्षणकर्जावर सोबत सही करायला ते इस्त्रीचा सदरा घालून पवनीला आले. बँक दुसरीच होती, पण तिथल्या संगणकावरही त्यांच्या नावापुढे ‘सेटल्ड’ निघालं. म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं. साहेबांनी अदबीनंच दुसरा कुणी आणायला सांगितलं. शेवटी मामांची सही चालली, मोठेबाबा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. परतताना एसटीत एवढंच बोलले, "संगं चाय पेली, मंग काहून लिहून ठेवलं, पोरी?"

त्यानंतर ते जुन्या बँकेत गेले आणि सोडून दिलेले पैसे भरायचे आहेत म्हणाले. तिथले लोक चक्रावले. मोठेबाबांनी टेम्पो विकला, सगळं फेडलं आणि खात्यावर ‘सेटल्ड’च्या जागी ‘क्लोज्ड’ करून घेतलं. तरी थकलेले हप्ते रेकॉर्डवर काही वर्षं दिसतात, सिबिल स्कोअर हळूहळूच चढतो, हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "चढू दे हळूहळू. तुह्या घराच्या कर्जावर बापाच्या जागी सही मीच करीन."

तो दिवस काही आला नाही. गेल्या हिवाळ्यात, ऐन लग्नसराईत ते गेले. अजून रस्त्यात कुठे मंडप उभा राहताना दिसला की माझे पाय तिथे थबकतात. त्यांची फार आठवण येते.

त्यांचा मोबाइल मी बंद केलेला नाही. परवा त्यावर एका मुलीचा फोन आला. सरांचा परतफेडीचा रेकॉर्ड आता चांगला आहे, आमची कंपनी त्यांना कर्ज द्यायला तयार आहे, असं ती घडाघडा बोलून गेली. ते आता नाहीत, हे माझ्या तोंडून निघेना.

मी म्हटलं, "ताई, पुन्हा एकदा सांगा. त्यांचं नाव घेऊन सांगा."